‘स्वतःहून गेला ना?’ : म्यावाडीच्या स्कॅम-वसाहतींचं प्रकरण

१२ फेब्रुवारी २०२५. म्यानमारच्या म्यावाडी भागातल्या, माणसं कोंडून त्यांच्याकडून फोनवर जगभरच्या लोकांना फसवून घेणाऱ्या वसाहतींतून २६० माणसं सीमेवरची मोई नदी ओलांडून थायलंडच्या काठावर उतरवली गेली. डीकेबीए नावाच्या, तिथल्या कारेन या वांशिक समाजाच्या सशस्त्र गटाने त्यांना थाई लष्कराच्या हवाली केलं होतं. ही माणसं वीस देशांची होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या इथिओपियाची. काहींच्या अंगावर मारहाणीचे वळ दिसत होते. काठावर आल्यावर त्यांची चौकशी सुरू झाली. कुठून आलास, कोणी आणलं, आत काय काम करत होतास, आणि स्वतःहून गेला होतास का?

हा शेवटचा प्रश्न या प्रकरणात पुन्हा पुन्हा येतो. सीमेवरचा अधिकारी तो विचारतो, मायदेशी उतरल्यावर पोलीस विचारतात आणि घरी पोचल्यावर शेजारीपाजारीही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरलेलं असतं: विमानात स्वतःच्या पायाने बसला, पगाराच्या आशेने गेला, तिथे लोकांना फसवत बसला, मग तो पीडित कसला? मला हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेलेला वाटतो. तो का, हे कळायला नदीपलीकडे काय उभं राहिलं होतं तिथपासून सुरुवात करावी लागते.

नदीपलीकडची जमीन

मोईच्या पश्चिमेला म्यानमारचा कारेन प्रांत आणि म्यावाडी शहर आहे, पूर्वेला थायलंडच्या ताक प्रांतातलं मे सोत. मधे मैत्री पूल आहे, पण नदी इतकी अरुंद की पुलाशिवायही रोज माणसं आणि माल इकडून तिकडे जातो. म्यावाडीच्या उत्तरेला श्वे कोक्को आणि दक्षिणेला केके पार्क. श्वे कोक्कोमध्ये २०१७पासून ‘यताई नवं शहर’ नावाचा प्रकल्प उभा राहू लागला. १५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची जाहिरात झाली. त्यामागे शे झीच्यांग हा चिनी वंशाचा जुगार-व्यावसायिक होता आणि त्याचा स्थानिक भागीदार होता कारेन बॉर्डर गार्ड फोर्स, म्हणजे २०१०मध्ये म्यानमारच्या लष्कराच्या छत्राखाली गेलेला कारेन बंडखोरांचाच एक गट. त्याचा म्होरक्या साव चित थू. केके पार्कच्या जागी २०१९पर्यंत जवळजवळ मोकळं रान होतं. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे उंच कुंपणाआड इमारतींची वसाहतच उभी राहिली.

मुळात हा धंदा ऑनलाइन जुगाराचा होता. तो स्कॅमकडे वळला त्याला तीन धक्के कारण झाले. २०१९मध्ये कंबोडियाने ऑनलाइन जुगारावर बंदी घातली आणि सिहानुकव्हिलसारख्या ठिकाणचं भांडवल दुसरीकडे जागा शोधू लागलं. २०२०मध्ये कोविडने सीमा बंद केल्या. कॅसिनोंत गिऱ्हाईक उरलं नाही आणि चीनमधून येणारा कामगारही आटला. इमारती, संगणक, पैसे फिरवण्याच्या वाटा मात्र तयारच होत्या. फेब्रुवारी २०२१मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि सीमाभागात कायदा म्हणजे ज्याच्या हाती बंदूक त्याचा शब्द, अशी स्थिती झाली. जगभर घरात कोंडलेली माणसं फोनवर बसली होती. त्यांना गळाला लावायला इंग्रजी, हिंदी, अरबी, स्वाहिली येणारी पोरं हवी होती. राजीखुशीने पुरेशी मिळेनात, तेव्हा ती फसवून आणली जाऊ लागली.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये दिलेला अंदाज असा: म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशा केंद्रांत बळजबरीने राबवली जात असावीत. एखाद्या जिल्ह्याच्या शहराची सगळी वस्ती भरावी एवढा हा आकडा आहे.

जाळं कसं लागतं

सप्टेंबर २०२२मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने एक सूचना काढली. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’च्या नोकऱ्या दाखवून आयटी शिकलेल्या तरुणांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेलं जात आहे, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हापासूनची पद्धत आजही फारशी बदललेली नाही.

जाहिरात टेलिग्रामवर, फेसबुकवर किंवा ओळखीच्याच माणसाकडून येते. इंग्रजी बऱ्यापैकी यायला हवं, टायपिंगचा वेग हवा, अनुभवाची अट नाही. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होते आणि ती खरीच वाटते. पगार घरच्यापेक्षा तिप्पट-चौपट, पण अगदीच अविश्वसनीय नाही. आकडा मुद्दाम तेवढाच ठेवलेला असतो. राहणं-जेवण कंपनीचं, तिकीटही कंपनीचं. व्हिसा पर्यटकाचा, ‘तिथे गेल्यावर वर्क परमिट करून देतो’. इथेच खरं तर घंटा वाजायला हवी. पण पर्यटक व्हिसावर जाऊन नंतर कागद करून घेतलेली माणसं ओळखीत असतातच, त्यामुळे ती वाजत नाही.

आपल्या व्यवस्थेतली एक फट इथे नीट बघायला हवी. १९८३च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारी तपासणीही लागते. पण ती तपासणी मुख्यतः दहावीही न झालेल्यांसाठी आहे. दहावी उत्तीर्ण मुलाच्या पासपोर्टवर या तपासणीचा शिक्काच लागत नाही. कायदा लिहिला गेला तेव्हा फसवला जाणारा माणूस म्हणजे आखातात जाणारा गवंडी किंवा घरकामगार, असं चित्र डोळ्यांसमोर होतं. या वसाहतींना हवा असतो तो पदवीधर, ज्याला कोणीच अडवत नाही.

बँकॉकच्या विमानतळावर गाडी तयार असते. ऑफिस शहरातच आहे असं सांगितलेलं असतं, पण गाडी सात-आठ तास पळतच राहते. मधे गाड्या बदलतात. रात्री कुठेतरी उतरवून शेतातून चालवतात आणि मग नावेत बसवतात. पलीकडे बंदूकधारी माणूस दिसतो तेव्हा पासपोर्ट हातातून गेलेला असतो आणि आपण थायलंडबाहेर आहोत हे फोनच्या नकाशावरूनच कळतं. त्यानंतर फोनही जातो.

‘स्वतःहून गेला’ हे खरं आहे ते बँकॉकच्या विमानतळापर्यंत. तिथून पुढच्या प्रत्येक किलोमीटरला त्याची संमती कोणी विचारलेली नाही.

आतलं काम

सुटून आलेल्यांच्या जबान्या वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या भाषांतल्या असल्या तरी एकमेकींशी विलक्षण जुळतात. पहिल्या दिवशी करार पुढे येतो. सही केली नाही तर सांगितलं जातं की तुझ्यासाठी कंपनीने अमुक हजार डॉलर मोजलेत, ते फेड आणि जा. तिकीट, गाडी, खोली, जेवण सगळं त्याच खात्यावर चढलेलं असतं. उशीर झाला की दंड, शेजाऱ्याशी बोललं की दंड, लघवीला जास्त वेळ लागला तरी दंड. पगार मिळालाच तर दंडात जातो. कर्ज राबून फिटत नाही, उलट वाढतं. आपल्याकडच्या वेठबिगारीचा हिशेब ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हा ताळेबंद ओळखीचा वाटेल.

कामाचा दिवस बारा ते सोळा-सतरा तासांचा. गळ अमेरिकेत टाकायचा असेल तर कामाची पाळी रात्रीची. प्रत्येकाच्या पुढ्यात अनेक फोन, प्रत्येक फोनवर एक खोटी ओळख, बहुधा देखण्या, सुखवस्तू बाईची. सोबत छापील संवाद: पहिल्या दिवशी काय विचारायचं, समोरच्याचा घटस्फोट झालेला असेल तर काय बोलायचं, पैशाचा विषय कितव्या दिवशी काढायचा. समोरच्याने व्हिडिओ कॉल मागितला तर त्यासाठी वेगळ्या खोलीत ‘मॉडेल’ बसवलेली असते. विश्वास बसला की खोट्या क्रिप्टो गुंतवणुकीचं ॲप येतं. सुरुवातीला थोडा नफा काढूही देतात. मग समोरचा घर गहाण टाकून रक्कम भरतो आणि काढायला गेला की ‘आधी कर भरा’ असं उत्तर येतं. चिनी टोळ्या याला ‘शा-जू-पान’ म्हणतात, म्हणजे डुक्कर पोसून मग कापणं. फसलेल्या माणसाला जनावर ठरवणारा हा शब्द वापरू नका असं इंटरपोलने डिसेंबर २०२४मध्ये जाहीर आवाहन केलं. मला ते आवाहन फार मोलाचं वाटतं. लाजेने गप्प बसणारा पीडित तक्रार करत नाही आणि टोळीला तेच हवं असतं.

टार्गेट चुकलं की शिक्षा: शेकडो उठाबशा, उन्हात पळवणं, विजेचा दंडुका, अंधारकोठडी. पळायचा प्रयत्न केला तर याहून वाईट. जो अगदीच निरुपयोगी ठरतो त्याला दुसऱ्या वसाहतीला विकतात आणि नव्या मालकाच्या वहीत विकत घेतल्याची रक्कम त्याच्याच नावावर चढते. घरच्यांकडे खंडणीही मागितली जाते. तीही हजारो डॉलरमध्ये, आणि भरली तरी सुटका होईलच असं नाही.

सर्वात अवघड भाग यापुढचा आहे. सुटायचं असेल तर तुझ्या जागी दुसरे आणून दे, असा सौदा आत चालतो. असे काही जण आपल्याच गावच्या, कॉलेजच्या मित्राला फोन करतात: ‘चांगलं काम आहे, ये.’ काही जण हळूहळू टोळीप्रमुख होतात, कमिशन खातात, दुसऱ्यांना मारतात. काही तर काय काम आहे हे ठाऊक असूनच गेलेले असतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. मित्राच्या फोनवर विश्वास ठेवून आत अडकलेल्या मुलाने त्या मित्राला माफ करावं असं मी कोण सांगणार? आणि आयुष्याची पुंजी गमावून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला, तुम्हाला फसवणाऱ्या पोरालाही विजेचे झटके बसत होते हो, असं सांगून त्याच्या हाती काय पडणार? दोघांचंही दुःख खरं आहे. दोघांच्या मधे तो फोन आहे आणि पैसा मात्र दोघांपैकी कोणाकडेच नाही.

तो कोणाकडे जातो याची थोडी तरी नोंद झाली आहे. ५ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या वित्त खात्याने कारेन नॅशनल आर्मी (जुन्या बॉर्डर गार्ड फोर्सचं २०२४मधलं नवं नाव), साव चित थू आणि त्याचे दोन मुलगे यांच्यावर निर्बंध घातले. त्यांच्यावरचे मुख्य आरोप असे: टोळ्यांना जमीन भाड्याने देणं, वीज विकणं, वसाहतींना पहारा पुरवणं. ब्रिटनने साव चित थूवर डिसेंबर २०२३मध्येच निर्बंध आणले होते. शे झीच्यांगला बँकॉकमध्ये ऑगस्ट २०२२मध्ये अटक झाली होती, पण तीन वर्षं न्यायालयात झगडून अखेर नोव्हेंबर २०२५मध्ये तो चीनच्या ताब्यात गेला. त्या तीन वर्षांत त्याने उभारलेलं शहर चालूच होतं.

एक नट आणि सात हजार माणसं

जानेवारी २०२५च्या पहिल्या आठवड्यात वांग शिंग हा चिनी अभिनेता चित्रीकरणाच्या कामाचं निमंत्रण मिळाल्याने बँकॉकला उतरला आणि मे सोतजवळून बेपत्ता झाला. त्याच्या मैत्रिणीने समाजमाध्यमांवर लिहिलं, चीनभर बोभाटा झाला आणि ७ जानेवारीला तो सापडला. डोकं भादरलेलं, चेहऱ्यावर धक्का. चार दिवसांत! यानंतर चीनमधली शेकडो कुटुंबं आपल्या हरवलेल्या मुलांच्या याद्या घेऊन पुढे आली: आमचा मुलगा नट नाही, त्याला कधी आणणार? तिकडे चिनी पर्यटक थायलंडची तिकिटं रद्द करू लागले. वर्षानुवर्षं न हललेली यंत्रणा एका महिन्यात हलली ती त्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

५ फेब्रुवारीला थायलंडने सीमेपलीकडच्या पाच ठिकाणांची वीज, इंटरनेट आणि इंधन तोडलं. या वसाहतींचे दिवे इतकी वर्षं बऱ्याच अंशी थायलंडच्या विजेवर जळत होते, ही गोष्ट यानिमित्ताने ठळकपणे जगापुढे आली. काही दिवसांतच कारेन गटांनी माणसं बाहेर काढायला सुरुवात केली आणि बघता बघता आकडा ७ हजारांच्या पुढे गेला. पण मे सोत एवढ्या माणसांना घेण्याच्या तयारीत नव्हतं. ज्या देशाचं विमान येईल त्याचीच माणसं पलीकडून आणायची, असं ठरलं. चीनची विमानं लगोलग आली. भारताने १० मार्चला वायुदलाच्या विमानाने २८३ आणि दुसऱ्या दिवशी २६६ नागरिक परत आणले. आफ्रिकेतल्या गरीब देशांची माणसं मात्र आठवडेच्या आठवडे नदीपलीकडच्या तात्पुरत्या छावण्यांत, पुरेसं अन्न आणि औषध नसताना पडून राहिली. कालपर्यंत ज्यांनी वसाहतीवर पहारा दिला तेच आता छावणीवर पहारा देत होते. सुटका झाली होती, पण फक्त बातमीत.

वसाहतींचं काम थांबलं नाही. जनरेटर आले, छपरांवर स्टारलिंकच्या, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटच्या, तबकड्या उगवल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्कवर छापा घातल्याचं जाहीर केलं आणि ३० स्टारलिंक संच जप्त केल्याचं सांगितलं. त्याच सुमारास स्पेसएक्सने म्यानमारमधल्या स्कॅम केंद्रांच्या परिसरातले २,५००हून जास्त संच बंद केल्याचं कळवलं. या दोन आकड्यांमधलं अंतर पुरेसं बोलकं आहे. छाप्याच्या धामधुमीत २८ देशांची दीड हजारांहून अधिक माणसं नदी ओलांडून मे सोतला पळून आली. काही चक्क पोहत. त्यात सुमारे पाचशे भारतीय होते. नोव्हेंबरमध्ये आधी २७० आणि मग १९७ जण वायुदलाच्या विमानांनी परतले.

त्यांना थायलंडने ताब्यात घेतलं ते कोणत्या कारणाने? परवानगीशिवाय देशात शिरल्याबद्दल. म्हणजे नेताना ज्या नदीवरून बेकायदा नेलं, तीच नदी जीव वाचवायला ओलांडली हा गुन्हा.

कायदा काय म्हणतो

मानवी तस्करीबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा प्रोटोकॉल २००० सालचा आहे, भारताने तो २०११मध्ये मान्य केला. त्यात तस्करीचे तीन घटक आहेत: माणसाला मिळवणं-नेणं, त्यासाठी फसवणूक किंवा धाक वापरणं, आणि त्याचं शोषण करण्याचा हेतू. फसवणूक किंवा धाक सिद्ध झाला की पीडिताची संमती होती की नव्हती हा प्रश्नच गैरलागू ठरतो, असं तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३मध्येही तेच म्हटलंय. म्हणजे ‘स्वतःहून गेला ना?’ या प्रश्नाला कायद्याने केव्हाच उत्तर देऊन टाकलंय.

तरी तो सुटत नाही, कारण कलम १४३च्या स्पष्टीकरणात शोषणाचे जे प्रकार दिलेत त्यात शारीरिक व लैंगिक शोषण, गुलामगिरी किंवा तत्सम प्रथा, दास्य, भिकेला लावणं, बळजबरीने अवयव काढणं हे आहे. ‘बळजबरीने गुन्हा करवून घेणं’ हे शब्द नाहीत. दास्यात ते बसवता येतं, पण त्यासाठी तपास अधिकाऱ्याला ते सुचावं लागतं. समोर फसवणुकीची तक्रार असते, आणि चॅट लिहिणारा हात याच पोराचा असतो. फसवणुकीचं कलम हाताशी आहे, ते लागतं.

चौकशीच्या खोलीत मला वेगळे प्रश्न हवे आहेत. पासपोर्ट कोणाकडे होता? निघायचं म्हटलं असतं तर किती पैसे मागितले असते? टार्गेट चुकलेल्या दिवशी काय झालं? फाटकावर कोण उभं होतं आणि त्याच्या हातात काय होतं? सक्तीच्या मजुरीची आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची व्याख्या १९३०पासून आहे: शिक्षेच्या धाकाखाली आणि स्वेच्छेविना करून घेतलेलं काम. तिचे जे निदर्शक संघटनेने दिलेत, म्हणजे कागदपत्रं काढून घेणं, वेतन रोखणं, कर्जात अडकवणं, हालचालींवर बंधन, मारहाण, बेसुमार तास, ते सगळे केके पार्कच्या एका दिवसात सापडतात. जो खरोखर टोळीप्रमुख होता तोही याच प्रश्नांतून उघडा पडतो. त्याचा पासपोर्ट त्याच्याच खिशात सापडेल.

एजंटच्या दारापर्यंत

जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार, व्हिएतनाम इकडे गेलेल्या ७३,१३८ भारतीयांपैकी २९,४६६ जण परतले नव्हते, अशी इमिग्रेशन विभागाची आकडेवारी प्रसिद्ध झाली होती. त्यात महाराष्ट्राचे ३,२३३. हे सगळेच अडकलेत असं मुळीच नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे त्या यादीवरून कळतं. एप्रिल २०२५मध्ये ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्याच्या सायबर-गुन्हे यंत्रणेने म्यानमारमधून साठहून अधिक जणांची सुटका झाल्याचं आणि पाच जणांना अटक केल्याचं जाहीर केलं. अटक झालेल्यांत एक परदेशी नागरिक होता, बाकीचे इथले, म्हणजे भरतीच्या साखळीचं अलीकडचं टोक. अशी कारवाई व्हावी तितकी होत नाही. परतलेल्या प्रत्येक मुलाकडे एजंटचा नंबर, पैसे पाठवल्याची पावती, मुलाखतीचा व्हिडिओ कॉल कोणी केला त्याचं नाव असं काही ना काही असतं. तो साक्षीदार आहे. पण त्याला आरोपीसारखं बसवलं की तो पहिल्यांदा स्वतःला वाचवतो आणि एजंटचं नाव गिळून टाकतो. आणि एजंट पुढच्या आठवड्यात नव्या नावाने जाहिरात टाकतो.

परतल्यावर घरात काय होतं याची नोंद कुठल्याच आकडेवारीत येत नाही. जाण्यासाठी एजंटला दिलेले पैसे बहुतेकदा उसने किंवा सोनं गहाण ठेवून आणलेले असतात. काहींनी वर खंडणीही भरलेली असते. मुलगा हात हलवत आला म्हणून तो हप्ता थांबत नाही. मोबाईलची रिंग वाजली की दचकणारा, रात्रपाळीच्या सवयीने दुपारी झोपणारा, आपण कोणाकोणाला फसवलं त्यांची नावं आठवत बसणारा मुलगा घरात असतो, आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला सावकाराचा माणूस दारात येतो.